भोपळ्याच्या फळाचा भरवसा नाही, पाला मात्र हमखास

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातल्या एका ताईंनी तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत ग्रो बॅगेत लाल भोपळ्याचं बी टाकलं. अडीच महिने झाले. वेल कठड्यावरून शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवर पोचलाय, पानं ताटाएवढी झालीत, फुलंही रोज येतात, पण भोपळा धरत नाही. धरलाच तर लिंबाएवढा होतो आणि पिवळा पडून गळतो. त्यात सासूबाई म्हणतात, पानांची भाजी करू. बाकीच्या घराचं म्हणणं, असली काटेरी पानं कोण खातं? तर खरंच खातात का, खायची तर कुठली, आणि पानं तोडली तर फळाची उरलीसुरली आशाही जाईल का?

खातात. सासूबाईंचं ऐका.

माझं माहेर कुडाळकडचं. मृगाचा पाऊस लागला की आई मांगराच्या, म्हणजे गुरा-अवजारांच्या खोपटाच्या, मागे, जिथे वर्षभर चुलीतली राख आणि गोठ्यातला केर पडायचा तिथे, दोन-तीन बिया खोचायची. त्याला ना वाफा, ना मोजमाप. महिन्याभरात वेल छपराकडे निघायचा, आणि तेव्हापासून घरात त्याची भाजी सुरू व्हायची. भोपळा दिसायचा तो गणपतीच्या आगेमागे. म्हणजे आमच्या लेखी हा वेल आधी पालेभाजी होता आणि मग फळभाजी. गेली तीसेक वर्षं मी पुण्यात गच्चीवर भाज्या लावतेय आणि दुसऱ्यांना लावायला शिकवतेय. इतक्या वर्षांत माझं मत पक्कं होत गेलंय की कुंडीतल्या वेलाला भोपळा धरला तर ती लॉटरी. पाला मात्र हमखास मिळतो, पेरल्यापासून तीस-पस्तीस दिवसांत मिळायला लागतो, आणि आपल्याकडच्या मंडईत तो सहसा विकत मिळत नाही. त्यामुळे गच्चीवर भोपळा लावायचा तर पाल्यासाठीच लावावा.

आधी नावांचा गुंता सोडवते, कारण त्यातून बी आणताना घोटाळे होतात. मी बोलतेय तो लाल भोपळा. कुणाकडे डांगर, कुणाकडे काशीफळ किंवा गंगाफळ, विदर्भात कोहळं. आमच्या कोकणात डांगर मागाल तर उडदाच्या भाजलेल्या पिठाचं दह्यातलं तोंडीलावणं पुढ्यात येईल, आणि पुण्यात कोहळं मागाल तर पेठ्याचा पांढरा कोहळा. परदेशातले आपले लोक विचारतात, इथे बटरनट स्क्वॉश मिळतो, त्याची पानं चालतील का? चालतील, अगदी बिनधास्त. तो आपल्या नेहमीच्या लाल भोपळ्याच्याच जातीचा आहे, फक्त आकार वेगळा. झुकिनी मात्र वेगळ्या जातीची. तिचीही कोवळी पानं खाता येतात, पण ती इतकी खरखरीत असतात की सोलण्याचे कष्ट वाया गेल्यासारखे वाटतात. दुधीचा पाला उलट लाल भोपळ्यापेक्षाही मऊ. बंगालात तो आवडीने खातात, आणि इटलीत सिसिली बेटावर तर लांब दुधीचे कोवळे शेंडे उन्हाळ्यात पास्त्याच्या रश्शात घालतात.

आता पानं कुठली घ्यायची. वेलाच्या शेंड्यापासून मोजा. टोकाची मिटलेली पालवी, मग उघडलेलं पहिलं पान, दुसरं, तिसरं. तिथे थांबा. वेल जोमात असेल तर चौथंही चालतं. खरी परीक्षा देठाची. देठ बोटांत धरून वाकवा. कट्कन मोडला तर पान घ्या, चिवटपणे नुसता वाकला तर ते पान वेलाकडेच राहू द्या. शेंड्याचा वीतभर कोवळा तुकडा, त्याच्यावरचे स्प्रिंगसारखे तणावे आणि नुकत्या आलेल्या कळ्या, हे सगळं भाजीत जातं. फक्त तणावे हातात घेऊन बघा. हिरवे आणि लुसलुशीत असतील तरच घ्यायचे. कशाला तरी विळखा घालून बसलेला तणावा शिजून शिजत नाही, दाताखाली सुतळी येते. आणि खुडायचं सकाळी. दुपारी मरगळलेला पाला घरात येईपर्यंत चिंधी होतो.

ज्या काट्यांना घर घाबरलंय ती खरं तर लव आहे, आणि ती काढायची रीत एकदा हाताला बसली की अर्धा किलो पाला पंधरा मिनिटांत होतो. पान उलटं धरायचं, देठ वर. देठाचं टोक बोटभर मोडायचं, पण पूर्ण तोडायचं नाही. एका बाजूची साल सलग राहिली पाहिजे. मग तो मोडलेला तुकडा पानाच्या दिशेने हळूच ओढायचा. देठावरची काटेरी साल दोऱ्यासारखी सुटते आणि नीट ओढली तर पानाच्या पाठीवरच्या जाड शिरेपर्यंत सोलत जाते. फरसबीची शीर काढतो तसंच. एका ओढीत सगळी साल येत नाही. दोन-तीनदा फिरवून ओढावं लागतं. सोललेला देठ पोकळ, फिकट हिरवा आणि काकडीसारखा रसरशीत दिसतो. तो फेकू नका, भाजीत सगळ्यात गोड तोच लागतो. मग सगळी पानं थोड्या पाण्यात घालून दोन तळव्यांमध्ये चोळायची, कपडे हातावर खळबळतो तशी. पाणी हिरवं होतं, जरासा फेस येतो, लव मोडते. ते पाणी टाकून पुन्हा एकदा स्वच्छ धुवायचं. एवढं केल्यावर आणि शिजल्यावर जिभेला काही टोचत नाही. कच्चा पाला कोशिंबिरीत घालायचा प्रयोग मात्र करू नका. मी केलाय. घशात दिवसभर लोकर अडकल्यासारखं वाटत होतं.

भाजी करताना बहुतेकांची चूक होते ती मिठात. परडीभर पाला कढईत मावत नाही आणि आपण त्याच्या ढिगाकडे बघून मीठ घालतो. हा पाला शिजला की मूठभर होतो. चार माणसांना अर्धा किलो घ्या आणि मीठ पाला बसल्यावरच घाला.

आमच्याकडची मूळ भाजी पावसाळ्यातली, आठळ्या घालून. फणस संपले की आठळ्या वाळवून, लाल माती फासून ठेवलेल्या असायच्या. दहा-बारा आठळ्या उकडून, वरचं कवच काढून जरा ठेचून घ्यायच्या. तेलात सहा-सात लसणीच्या पाकळ्या ठेचून टाकायच्या, त्या कडेने तांबूस झाल्या की दोन सुक्या मिरच्या, मग बारीक चिरलेला कांदा. कांदा मऊ झाला की आठळ्या, आणि मग पाला. झाकण ठेवायचं नाही, नाहीतर भाजी काळपट होते आणि पाणी सुटून राहतं. मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं, अधूनमधून परतत. मीठ, चिमूटभर गूळ, उतरवताना मूठभर ओलं खोबरं. देशावर आठळ्या नसतील तर भिजवलेली मूगडाळ किंवा तूरडाळ घाला. बेसन पेरून कोरडी केली तर भाकरीबरोबर झुणक्याचं काम भागतं. ऋषीपंचमीच्या भाजीत बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, परसातलंच लागतं. त्यात लाल भोपळ्याच्या फोडींबरोबर त्याचा कोवळा शेंडाही आमच्या घरी जायचा.

पण मला स्वतःला अलीकडे जास्त आवडतो तो प्रकार झांबियातला. तिथे भोपळ्याच्या पाल्याला चिब्वाब्वा म्हणतात आणि तो टोमॅटो व कुटलेले शेंगदाणे घालून शिजवतात, मक्याच्या घट्ट उकडीबरोबर खातात. दाण्याचं कूट म्हटल्यावर आपल्याला वेगळं काय शिकायचंय? कांदा, टोमॅटो, पाला, वाटीभर पाणी आणि अर्धी वाटी जाडसर कूट. दहा मिनिटं रटरटू द्यायचं. ज्वारीच्या भाकरीबरोबर हे इतकं आपलं लागतं की पाहुण्यांना सांगावं लागतं, ही आफ्रिकेतली भाजी आहे. आमच्या सोसायटीतल्या बंगाली शेजारणीला मी पाला द्यायला लागले तेव्हा ती म्हणाली, पानं तुम्ही ठेवा, मला डगा द्या. डगा म्हणजे शेंड्याकडचा कोवळा वेल. कोलकात्याच्या बाजारात त्याच्या जुड्या मिळतात. ती त्याचे बोटभर तुकडे करते, बटाटा, वांगं आणि लाल भोपळ्याच्याच फोडींबरोबर पाचफोडणावर शिजवते, शेवटी मोहरीचं वाटण. ओडिशात, नेपाळात, ईशान्य भारतात सगळीकडे हा पाला ताटात आहे. कोरियात तर पानं नुसती वाफवतात आणि त्यांत भात आणि सोयाबीनची खारवलेली चटणी गुंडाळून खातात. मी चटणीऐवजी घट्ट पिठलं घालते. घरातली मुलं जी भाजी बघून नाक मुरडतात ती ही पुडी मुकाट्याने खातात.

नर फुलांची भजी सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यावर लिहीत नाही. एवढंच की फुलाखालचे हिरवे टोकदार दल काढा, ते टोचतात. मधला पिवळा दांडा काढा. आणि फूल झटकून आत मुंगी नाही ना ते बघा.

आता फळाकडे येऊ, कारण ताईंचा जीव तिकडे अडकलाय.

भोपळ्याच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. आधी नुसती नर फुलं, लांब सडपातळ देठावर. मादी फुलं बरीच नंतर, आणि संख्येने कितीतरी कमी. मादी फूल ओळखायला चष्मा लागत नाही, फुलाखाली इवलासा भोपळा जन्मतःच चिकटलेला असतो. ताईंचे जे लिंबाएवढे होऊन गळतायत ते हेच. त्याला रोग नाही, त्यात पराग पोचलेला नाही, किंवा वेलाला ते पोसायचं नाहीये. तिसऱ्या मजल्यावर, चहूबाजूंनी काँक्रीट असताना मधमाशा येणार कुठून? म्हणून ते काम आपण करायचं. फूल पहाटे उमलतं आणि दहा-अकरापर्यंत मिटायला लागतं, त्यामुळे सकाळी सहा ते आठ हीच वेळ. त्याच दिवशी उमललेलं नर फूल देठासकट तोडा, पाकळ्या फाडून टाका, मधला परागाने माखलेला दांडा उघडा करा आणि मादी फुलाच्या मधल्या गुबगुबीत भागावर सगळीकडून हलकेच टेकवा. एका मादीला दोन नर वापरले तर उत्तम. बोटाला पिवळी पूड लागत नसेल तर त्या फुलात दम नाही, दुसरं घ्या. पाऊस असेल तर मादी फुलावर कागदाची टोपी घाला, पराग धुऊन जातात. चार दिवसांत इवला भोपळा खाली झुकला आणि चकाकायला लागला की जमलं. तिथून पिकायला दीड महिना धरा.

हे करूनही धरत नसेल तर खत बघा. नत्र जास्त झालं की वेल पानांतच रमतो. माझ्या पहिल्या वर्षांतली गोष्ट. एका रोपवाटिकेतून आणलेलं कोंबडखत मी दर आठवड्याला दोन दोन मुठी घालत होते. वेल तीस फूट गेला, वरच्या मजल्यावरच्यांच्या एसीच्या पेटीला मिठी मारून बसला, आणि भोपळे किती? शून्य. पाला मात्र त्या पावसाळ्यात अख्ख्या मजल्याने खाल्ला. कडक उन्हाळ्यातही नर फुलांचाच भरणा असतो. एप्रिल-मेमध्ये मादी फुलं दिसली नाहीत म्हणून वेल उपटू नका.

आणि मूळ शंका, पानं तोडली तर फळ जाईल का. खरं सांगायचं तर, बेतात तोडली तर नाही, ओरबाडली तर हो. पान हे वेलाचं स्वयंपाकघर आहे. पण सगळी पानं सारखी कमावती नसतात. शेंड्याची कोवळी पानं अजून वाढायलाच खातात. खरं अन्न तयार करतात ती मधली पूर्ण वाढलेली, हिरवीगार पानं. सुदैवाने आपल्याला खायला हवी असतात ती कोवळीच. म्हणून माझा हिशेब असा. वेल आठ-दहा पानांचा होईपर्यंत हात लावायचा नाही. मग मुख्य शेंडा वीतभर खुडायचा, ती पहिली भाजी. आठवड्याभरात पानांच्या बेचक्यांतून बगलफुटी निघतात, चार-पाच तरी. मादी फुलंही या बगलफुटींवर जास्त येतात असा माझा अनुभव आहे. त्यानंतर दर आठ दिवसांनी खुडा, पण एका खेपेला कोवळ्या पाल्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको. भोपळा धरला की त्याच्या सांध्यावरचं पान आणि अलीकडची-पलीकडची दोन-दोन पानं म्हणजे देवाची, त्यांना सुरी लावायची नाही. ज्या फांदीवर फळ नाही तिचा शेंडा खुशाल खा. आणि बॅगेतल्या वेलावर एकच भोपळा ठेवा, फार तर दोन.

याहून सोपा मार्ग म्हणजे दोन्ही कामं एकाच वेलाकडून करून घ्यायची नाहीत. माझ्या गच्चीवर फळाचा वेल १८ बाय १८ इंचांच्या बॅगेत एकटा असतो, भरपूर उन्हात. त्याला सहा तास तरी ऊन हवं. पाल्यासाठी मी भाजीवाल्यांचे प्लॅस्टिकचे क्रेट वापरते. आत जुनी गोणी अंथरायची, माती, शेणखत आणि कोकोपीट समभाग, आणि वीत-वीत अंतरावर सहा-आठ बिया. बिया रात्रभर भिजवून, बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत खोल, आडव्या. आठवड्याभरात उगवतात. चार-पाच पानांचं रोप झालं की खालची दोन पानं ठेवून वरून कापायचं. पुन्हा फुटतं, पुन्हा कापायचं. तीन-चार कापण्या मिळतात, मग पाला राठ होतो आणि क्रेट रिकामा करून पुन्हा पेरायचं. याला चार तासांचं ऊनही पुरतं, म्हणजे फ्लॅटच्या गॅलरीतही जमतं. इथे नत्राला घाबरू नका, पंधरा दिवसांनी शेणखताची मूठ किंवा दहापट पाणी घातलेलं जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ यांचं आंबवलेलं पाणी) द्या. क्रेटसाठी विकतचं महाग बी वाया घालवू नका. मंडईतल्या पूर्ण पिकलेल्या भोपळ्याच्या बिया धुऊन सावलीत वाळवल्या की झालं. विकतच्या पाकिटातलं बी गुलाबी-निळं दिसलं तर त्यावर औषध चोळलेलं असतं. पेरल्यावर हात धुवा आणि उरलेलं बी चुकूनही खारवून खाऊ नका. फळासाठी जात विचाराल तर बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या अर्का चंदन आणि अर्का सूर्यमुखी या दोन्हींची फळं लहान, अवाढव्य नव्हेत. गच्चीवर दहा किलोचा भोपळा टांगायचाय कुणाला?

रोगकिडींत मी एकाच गोष्टीवर वेळ घेणार आहे, कारण दर पावसाळ्यात मला तोच फोटो दहा जण पाठवतात. पानावर शिरांच्या सांध्यांत पांढुरके चट्टे. लोक त्याला भुरी, म्हणजे पानांवरचा बुरशीचा रोग, समजतात आणि फवारणी सुरू करतात. लाल भोपळ्याच्या कित्येक वाणांचा तो जन्मजात रंग आहे! अंगठ्याने चोळून बघा. भुरी असेल तर पिठासारखी पुसली जाते आणि कुठेही, गोल ठिपक्यांनी सुरू होऊन पसरते. जन्मखूण पुसली जात नाही आणि शिरांच्या कडेने, दोन्ही बाजूंना सारखी असते. चट्ट्यांची पानं खायला हरकत नाही. भुरीची पानं खाऊ नका, काढून टाका, वेलात हवा खेळू द्या.

बाकी लाल भुंगेरे रोप दोन पानांचं असतानाच फडशा पाडतात. सकाळी गारठ्यात ते सुस्त असतात, तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाका. दव असताना चुलीची राख भुरभुरली की बरेच दिवस फिरकत नाहीत. फुलं येईपर्यंत जुनी मच्छरदाणी टाकून ठेवणं सगळ्यात बरं. फळमाशीसाठी क्यू ल्युअरचा, म्हणजे नर माश्यांना ओढणाऱ्या वासाचा, सापळा टांगा. पानावर नागअळीच्या वेड्यावाकड्या रेघा असतील तर ते पान वगळा, घाबरण्यासारखं त्यात काही नाही. दुपारी पानं लोंबली म्हणून धावत पाणी घालू नका. एवढ्या मोठ्या पानांना भर उन्हात पाणी पुरवणं मुळांना झेपत नाही, संध्याकाळी ती आपोआप उभी राहतात. संध्याकाळीही लोंबत असतील तर पाणी.

फवारणीबद्दल मात्र मी कडक आहे. ज्या वेलाचा पाला खायचाय त्यावर रासायनिक औषध नको म्हणजे नको. बाटलीवर लिहिलेले थांबायचे दिवस फळाच्या हिशेबाने असतात, पानाच्या नव्हे, आणि औषधाचा थेंब पहिला बसतो तो पानावरच. निंबोळी तेल लिटरला पाच मिली आणि चमचाभर साबणाचं पाणी, एवढं पुरतं; त्यानंतरही आठवडाभर पाला खुडू नका, नाहीतर भाजी कडू लागेल आणि तुम्हाला भलतीच शंका येईल. रस्त्याकडेचा, रेल्वे रुळांकडेचा, सांडपाण्यावरचा वेल कितीही टवटवीत दिसला तरी त्याचा पाला आणू नका. हे कुळ मातीतलं नको ते शोषून घेण्यात पटाईत आहे.

ती भलतीच शंका कुठली तेही सांगते. भोपळ्याच्या कुळात कुकुर्बिटासिन नावाचं कडू द्रव्य असतं. लागवडीच्या वाणांत ते नगण्य राहिलंय, पण एखाद्या रोपात उफाळून येतं, विशेषतः उकिरड्यावर आपोआप उगवलेल्या वेलात. त्याने उलट्या, जुलाब, क्वचित जिवावर बेततं. दुधीचा कडू रस पिऊन माणसं दगावल्यावर २०१० च्या सुमारास भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली होती. कडू रस पिऊ नका हाच तिचा सल्ला होता. शिजवून हा कडूपणा जात नाही. म्हणून नव्या वेलाचं पहिलं पान खुडलं की नखाएवढा तुकडा चावून थुंका. हा पाला जरासा गवतट, किंचित तुरट लागतो. मेथीसारखाही नाही, कारल्यासारखा तर नाहीच. जीभ आक्रसेल इतका कडू असेल तर त्या वेलाचं पान, फूल, फळ काही खाऊ नका, बीही राखू नका. मी एकदा परसातल्या कडू दुधीची पातेलंभर भाजी ओतून दिली आहे. घरचे म्हणाले, गूळ घाल, जाईल. गूळ घालून फक्त गूळ वाया गेला असता. आणि शेजारी कारलं लावलं म्हणून भोपळा कडू झाला, हे तेवढं डोक्यातून काढा. कारल्याचा आणि भोपळ्याचा संकर होत नाही.

एक सूचना औषधं घेणाऱ्यांना. गडद हिरव्या पाल्यात के जीवनसत्त्व भरपूर असतं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन ज्यांना चालू आहे त्यांनी ही भाजी अचानक रोज खायला लागण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

तर ताई, तुमच्या वेलाचं असं करा. उद्या सकाळी सातच्या आत गच्चीवर जा. मादी फूल उमललेलं असेल तर आधी ते उरका. मग खत महिनाभर बंद, फक्त पाणी आणि लाकडाची राख मिळाली तर मूठभर. शेजाऱ्यांच्या टाकीवर गेलेला शेंडा परत ओढून आणा आणि वीतभर खुडा. त्यावर फळ नाही हे तुम्हीच सांगितलंय. आणखी दोन-तीन बगलफुटींचे शेंडे घेतले की चौघांची भाजी होईल. सोलायचं काम सासूबाईंकडे द्या, पण शेजारी बसून बघा. आणि झाकण ठेवू नका.